फ्रिज बंद पडला त्या आठवड्यात

गुरुवारी फ्रिजनं मान टाकली.
एव्हारिश्तु मेकॅनिक म्हणाला, सोमवारी बघतो.
कुठल्या सोमवारी, ते नाही म्हणाला.
ऑगस्ट. खिडकीची काच हाताला चटका देते.
पिशवीत एक बाटली, दोन युरो एकोणऐंशी सेंटची,
दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची,
जिच्यासाठी वाकावं लागतं.

आमच्याकडे तिला हिरवी वाईन म्हणतात.
ती हिरवी नाही.
पाटीवर लिहितात पांढरी, ती पांढरीही नाही.
वाळल्या गवतावरून पाणी वाहून जावं
तसा काहीसा रंग.
हिरवी म्हणजे कोवळी, बाप सांगायचा,
जिनं अजून कुणाचं काही
मनाला लावून घेतलेलं नाही.

मी फेल्गेरासच्या कारखान्यात बुटांची कातडी शिवते.
तासाला अडतीस जोड, एकोणीस वर्षं.
वेळ मला मिनिटांत कळत नाही, जोडांत कळतो.
बटाटे उकडायला बारा जोड.
आईला फोन, तीन.
फिर्मिनु लक्झेंबर्गला गेला तेव्हाचा निरोप
जेमतेम एक, तोही डाव्या पायाचा राहिलाच.

अंगणात कपडे धुवायची दगडी टाकी आहे,
सगळ्या बिऱ्हाडांची मिळून.
बाटलीला ओला टॉवेल गुंडाळला, टाकीत उभी केली,
नळाची धार सोडली पेन्सिलीएवढी,
आणि बसले.
वर जाऊन यावं तर जिने चार,
शिवाय तळमजल्यावरच्या पोरांचा भरवसा नाही.
चाळीस मिनिटं तरी लागणार.
म्हणजे पंचवीस जोड.

पहिले सहा-सात मी शिवलेच.
मशीन नव्हतं, तरी बोटं मांडीवर सरकत होती.
मग धागा कुठेतरी संपला
आणि मला पत्ताही लागला नाही.

टाकीच्या काठाला एक गांधीलमाशी आली,
उलटी उतरली, पाणी प्यायली, गेली.
पुन्हा आली. तीच का दुसरी?
हा प्रश्न मला बराच वेळ पुरला.
दुसऱ्या मजल्यावर सेलेश्तिना बाई शेंगा सोलत होत्या,
दाणे कढईत पडत होते, टण्, मग काही नाही,
मग टण् टण्.
मान वर न करता त्या म्हणाल्या,
कुणाची वाट बघतेस गं?
बाटलीची.
मग ग्लास दोन आण.

चार जिने चढले.
पायऱ्या मोजल्या नाहीत,
हे वर पोचल्यावर ध्यानात आलं.

थंड? फारशी नाही.
झाडाखालच्या दगडावर बसावं तेवढी गार.
जिभेवर बारीक टाचण्या टोचतात आणि विरघळतात,
मागून कच्चं सफरचंद येतं,
आंबट, पण भांडखोर नाही.
सेलेश्तिना बाईंनी पहिला घोट गालात धरून ठेवला,
जणू तो गिळायची परवानगी यायची होती.
म्हणाल्या, माझा जावई ती महागडी आणतो नाताळात.
पाहुण्यासारखी असते, तिच्यापुढे काहीतरी शहाणं बोलावं लागतं.
ही बघ, पाय वर घेऊन बसते.

मग आम्ही काहीच बोललो नाही.
शेंगा मीही सोलल्या.
एका शेंगेत सहा दाणे निघाले, एकीत दोनच,
आणि कुणीही तक्रार लिहून घेतली नाही.
टॉवेलमधून पाणी ठिबकत होतं.
अर्धी बाटली संपेपर्यंत ऊन
समोरच्या भिंतीवरून एक खिडकी वर सरकलं.
ते असं रोज सरकत असणार,
मी शिफ्टवर असताना.

एव्हारिश्तु सोमवारी नाही, बुधवारी आला.
पंखा बदलला, पंचेचाळीस युरो घेतले,
म्हणजे सोळा बाटल्या आणि वर एक घोट.
(पैशांचा हिशोब अजून सुटलेला नाही.)
शुक्रवारी जिन्यात गाठ पडली.
काय, थंड होतंय ना सगळं व्यवस्थित?
माझ्या काखेत टॉवेल, हातात बाटली.
दूध होतंय, म्हटलं,
आणि खाली उतरले.